वांकणाऱ्या सांध्यांचें दुखणें

अंग वाटेल तसें वांकवितां येणें हा गुण मानावा कीं व्याधि? डोंबाऱ्याच्या पोराची कसरत पाहून आपण टाळ्या वाजवितों. परंतु सैल सांध्यांपायीं कित्येक माणसें वर्षानुवर्षें वेदना सोशीत असतात, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांतही बराच काळ असेंच घडलें.

या विषयाचा फार जुना उल्लेख ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या, हवा, पाणी व स्थळें यांविषयींच्या निबंधांत सांपडतो. त्यांत काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सिथियन लोकांचें वर्णन आहे. अंगांतील ओलाव्यामुळें त्यांचे सांधे ढिले पडत व धनुष्य ताणण्याचें किंवा भाला फेंकण्याचें बळ त्यांना राहत नसे; म्हणून ते खांदे, दंड, मनगटें, छाती व कंबर डागून घेत. डागल्यानें ओल आटून सांधा आवळतो, अशी समजूत होती. ही उपपत्ति आज टिकत नाहीं. पण ढिल्या सांध्याला आधार हवा, हें त्यांनीं ओळखलें होतें.

पुढें लक्ष वेधलें तें विलक्षण कातडीनें. योब फान मेकेरेन या डच शस्त्रवैद्याच्या १६८२ सालीं छापलेल्या ग्रंथांत, कातडी विलक्षण ताणली जाणाऱ्या एका स्पॅनिश तरुणाची हकीकत आहे. डेन्मार्कच्या एलर्स यानें १९०१ मध्यें व पॅरिसच्या डॅनलॉस यानें १९०८ मध्यें वर्णिलेल्या रोग्यांवरून या विकाराला पुढें दोघांचें जोडनांव मिळालें. दोघेही त्वचारोगांचे वैद्य होते.

१९६७ मध्यें कर्क, अ‍ॅन्सेल व बायवॉटर्स या ब्रिटिश डॉक्टरांनीं, दुसरा संधिरोग नसतां केवळ सांधे सैल असल्यामुळें ज्यांना दुखतें, अशांचा वेगळा वर्ग मांडला. १९७३ मध्यें बेटन व त्याच्या सहकाऱ्यांनीं नऊ गुणांची कसोटी दिली: दोन्ही करंगळ्या, अंगठे, कोपरें व गुडघे यांचे आठ गुण, आणि गुडघे ताठ ठेवून तळवे जमिनीस टेकल्यास एक. मात्र ही कसोटी वांकणें मोजते, वेदना नव्हे. पुष्कळांचे सांधे सैल असूनही त्यांना कांहीं त्रास होत नाहीं. २०१७ च्या वर्गीकरणांत एलर्स-डॅनलॉस विकाराचे १३ प्रकार ठरले; त्यांपैकीं १२ प्रकारांचीं जनुकें माहीत होतीं, सर्वांत अधिक आढळणाऱ्या, सैल सांध्यांच्या प्रकाराचें मात्र नव्हतें. तेव्हां तपासणींत कांहीं निघालें नाहीं, एवढ्यावरून दुखणें खोटें ठरत नाहीं.

सांध्यांचे बंध सैल असले म्हणजे त्यांचें काम स्नायूंवर पडतें आणि ते थकतात. दुखतें म्हणून पडून राहिल्यास स्नायु दुबळे होऊन सांधा अधिकच निराधार होतो. बरें वाटलें म्हणून एका दिवसांत सारीं कामें उरकल्यास पुढचे चार दिवस अंथरुणांत जातात. म्हणून हळूहळू वाढविलेला, स्नायु बळकट करणारा व्यायाम, सांध्याची स्थिति ओळखण्याचा सराव, काम व विश्रांति यांची बेतशीर वांटणी आणि पुरेशी झोप, यांवर आजच्या उपचारांचा भर आहे. सांधा शेवटच्या टोकापर्यंत वांकवून दाखविण्याची संवय सोडणें बरें. या उपायांचें फळ सावकाश मिळतें. वेदना समूळ जाईलच, असेंही नाहीं.

तेव्हां ज्या घरांत मुलीच्या लवचिक बोटांचें चारचौघांत कौतुक होतें, त्या घरांत रात्रीं गुडघे दुखतात ही तिची तक्रार कामचुकारपणा म्हणून उडवून लावूं नये. तिचें म्हणणें खरें मानलें, तरच उपचाराला आरंभ होईल.