उसणीच्या गोळीचं कूळ

वाकून पाण्याची बादली उचलली आणि कंबरेत उसण भरली, की डॉक्टर वेदनाशामकाच्या जोडीला स्नायू सैल करणारी एक गोळी लिहून देतात. मेडिकलवाला पट्टी कापून देताना बजावतो, ‘झोप येईल, गाडी चालवू नका.’ दुखणं कंबरेचं, मग झोप का यावी? उत्तर या गोळीच्या कुळात आहे, आणि ते कूळ पेनिसिलिनपाशी सुरू होतं.

फ्रँक बर्जर 1913 मध्ये पिल्झेनला जन्मला. नाझींनी चेकोस्लोव्हाकिया गिळल्यावर तो ब्रिटनला पोहोचला. महायुद्ध संपत आलं तेव्हा तो लंडनच्या एका औषध कंपनीत पेनिसिलिनमागे लागलेला होता. काही जिवाणू पेनिसिलिनच नष्ट करत. त्यांना मारणारं रसायन हवं होतं. फेनॉक्सेटॉल या जंतुनाशकात थोडे थोडे फेरफार करून बर्जर आणि त्याचा सहकारी ब्रॅडली यांनी नवी संयुगं बनवली आणि ती विषारी आहेत का हे उंदरांवर तपासलं.

उंदीर लोळागोळा झाले. उताणे ठेवले तर त्यांना कूस बदलता येईना. पण डोळे उघडे, श्वास चालू, हृदय ठीक. काही वेळाने ते उठून पुन्हा चालू लागले. जंतुनाशक बाजूला ठेवून या उंदरांकडे बघत राहणं, हे मला बर्जरचं खरं मोठेपण वाटतं. 1946 मध्ये त्यांनी यावरचा निबंध छापला. ते औषध म्हणजे मेफेनेसिन. त्याचा परिणाम स्नायूवर नव्हताच; ते मज्जारज्जूतले संदेश मंदावत होतं. या कुळाच्या गोळ्या स्नायूंऐवजी मज्जासंस्थेवर काम करतात, म्हणूनच झोप येते.

खोकल्याच्या बाटलीवर ग्वायफेनेसिन हे नाव तुम्ही वाचलं असेल. ते मेफेनेसिनचं भावंड. उसणीसाठी आजही लिहून दिलं जाणारं मेथोकार्बामॉल या ग्वायफेनेसिनपासूनच निघालं.

मेफेनेसिनचा अंमल फार लवकर उतरे. अमेरिकेत गेलेल्या बर्जरने जास्त टिकणारं औषध शोधलं: मेप्रोबामेट. 1955 मध्ये ते ‘मिलटाउन’ नावाने बाजारात आलं, पण कंबरेसाठी नव्हे, चिंतेसाठी, आणि अमेरिका त्यावर तुटून पडली. 1959 मध्ये त्याच्याच रेणूत किंचित बदल करून कॅरिसोप्रोडॉल आलं, हे मात्र आखडलेल्या स्नायूंसाठी.

कॅरिसोप्रोडॉल पोटात गेलं की यकृत त्यातल्या काही भागाचं पुन्हा मेप्रोबामेट करतं. म्हणजे कंबरेसाठी गोळी घेणारा माणूस नकळत चिंतेची, सवय लावणारी गोळीही घेत असतो. अमेरिकेत ही गोळी दोन-तीन आठवड्यांपलीकडे देऊ नये असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. 2007 मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तिची विक्री थांबवण्याची शिफारस केली. 2012 पासून अमेरिकेत ती नियंत्रित औषधांच्या यादीत आहे.

या कुळाचं शेवटचं पान महाराष्ट्रात लिहिलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या एका कंपनीत टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र करून बनवलेल्या गोळ्या घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात होत्या. तिथली तरुण मुलं त्यात बुडत होती. हे उघडकीला आल्यावर फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात बंद केली.