‘माणूस हजर करा’ या हुकमाची कुळकथा

पोलिसांनी एखाद्याला उचललं आणि चोवीस तास उलटूनही न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं नाही, तर शिरूर अनंतपाळच्या शेतमजुराची बायकोही उच्च न्यायालयाकडे मागू शकते : माझा माणूस हजर करा. वकील याला हेबियस कॉर्पस म्हणतात, संविधानाच्या मराठी प्रतीत ‘देहोपस्थिती’. हा हक्क इंग्रजांची देणगी, असं सर्रास सांगितलं जातं. ते मला मान्य नाही. इथं त्याची पहिली मोठी लढाई झाली तेव्हा इंग्रज सरकारच त्याच्या आड उभं होतं.

पेशवाई बुडून दहा वर्षं झाली होती. १८२८ साली पुण्यात मोरो रघुनाथ हा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. त्याला कोंडून ठेवलंय अशी तक्रार मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्टानं मुलाला हजर करण्याचा हुकूम काढला. ठाण्याच्या तुरुंगातल्या बापू गणेश या कैद्यासाठीही असाच हुकूम निघाला होता. गव्हर्नर जॉन माल्कमनं हुकूम बजावू द्यायला नकार दिला. पुण्याच्या सरदारांवर मुंबईच्या कोर्टाचा हात पोचता कामा नये, हे त्याचं राजकारण. त्याच वर्षी कोर्टाचे दोन न्यायाधीश, वेस्ट आणि चेंबर्स, वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. हुकूम पाळला जात नाही म्हणून त्यांनी एप्रिल १८२९मध्ये चक्क कोर्टच बंद केलं! एका पोरासाठी न्यायाधीशानं आपलं आसन पणाला लावलं, याची आठवण आपण ठेवायला हवी होती.

अपिलाचं शेवटचं ठिकाण असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं त्याच वर्षी ग्रँटच्या विरोधात निकाल दिला. मुंबई बेटाबाहेरच्या, कोर्टाच्या अधिकारात न येणाऱ्या रयतेसाठी असा हुकूम काढता येणार नाही. पुढे १८७२च्या फौजदारी संहितेत इलाख्याच्या मुख्य शहराबाहेर ही दाद युरोपीय ब्रिटिश प्रजेपुरतीच राहिली. ती मोफसलातल्या, म्हणजे त्या शहराबाहेरच्या, सगळ्यांसाठी खुली व्हायला १९२३ उजाडलं. जमिनीच्या वादातही रयतेला कोर्टाचं दार असंच मिटलं होतं. सरकारी साऱ्याचे बहुतेक वाद दिवाणी कोर्टात नेण्याची वाट मुंबई इलाख्यात १८७६च्या कायद्यानं बंद केली.

दाद खुली झाली तरी हक्क डळमळीतच होता. १९४३मध्ये मुंबईच्या केशव तळपदे या स्थानबद्धाच्या खटल्यात फेडरल कोर्टानं स्थानबद्धतेचा नियमच बेकायदा ठरवला. काही दिवसांतच सरकारनं अध्यादेश काढून तो पुन्हा उभा केला.

निलंगा भागातलं शिरूर अनंतपाळ तेव्हा निजामाच्या बिदर जिल्ह्यात. संस्थानी मुलूख, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातलं हे अर्धंमुर्धं संरक्षणही इथं लागू नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद शरण आलं तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ निजामाच्या तुरुंगातच होते.

२६ जानेवारी १९५०ला उच्च न्यायालयांना असे हुकूम काढू देणारा संविधानाचा अनुच्छेद २२६ आला आणि बिदरच्या रयतेला मुंबईकरासारखीच दाद मिळाली. त्याच साली हैदराबादचा कुळकायदा झाला. कुळाचा वाद तहसीलदाराकडून महसूल न्यायाधिकरणापर्यंत जायचा, पण तिथंही अन्याय झाला तर उच्च न्यायालयाचं दार उघडं होतं. अंगाचं स्वातंत्र्य आणि पायाखालची जमीन, दोन्हींची दाद एकाच ठिकाणी मागता आली, हे मला या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

ते दार मात्र लांब होतं. आधी हैदराबाद, १९५६नंतर मुंबई. २७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं तेव्हा ते मराठवाड्यात आलं. आपल्या माणसाला कुणी बेकायदा डांबलं असेल, तर पोलीस ठाण्याच्या पायरीवर हात जोडत बसू नका. खंडपीठाकडे अर्ज करा, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. कोठडीतल्या माणसासाठी वकील मोफत मिळतो.