१ जून : वाटाणा बाटलीत टिकवणारा कारखाना
१८४१ : अन्न हवाबंद करून टिकवण्याची रीत शोधणारे फ्रेंच हलवाई निकोला आपेर यांचे निधन. ठाण्या-डोंबिवलीच्या घरांत पावसाच्या तोंडावर लोणच्याच्या बरण्या भरतात, तिथे राखण मीठ-तेलाची. पॅरिसजवळच्या मासी गावात आपेर यांनी ताजा वाटाणा टिकवला तो निव्वळ उष्णतेवर. त्यांच्या कारखान्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. चार दालने : पहिल्यात मांस-रश्शाची चूल, दुसरे दुधासाठी, तिसऱ्यात बाटल्यांना बूच ठोकून तारेने आवळायचे आणि पिशव्यांत घालायचे, म्हणजे एखादी फुटली तरी काचा विखुरत नसत. चौथ्यात या बाटल्या पाण्यात उकळायला विटांच्या चुलाण्यांवर तांब्याचे तीन मोठे हंडे. प्रत्येकाच्या तळाशी पाणी बाहेर सोडायला रुंद तोटी. हे सारे त्यांनी १८१० च्या पुस्तकात उघड लिहिले. पद्धत जाहीर करायची, या अटीवर फ्रेंच सरकारने त्यांना १२,००० फ्रँक दिले होते. १८१४ च्या नेपोलियनकालीन युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला. गरिबीत मरण आलेल्या या माणसाला सार्वजनिक दफनखड्ड्यात पुरले गेले. हवाबंद करून उकळलेले अन्न का टिकते, याचा शास्त्रीय उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांनी पुढे १८६० च्या दशकात केला.