पायलीतला लाभ

आई खळ्यावर भात मोजायला बसली की पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायची. मग दोन, तीन, चार. सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. घेणारा समोर उकिडवा बसलेला असे आणि त्याची नजर पायलीच्या काठावर. शीग ठेवायची की हात फिरवून सपाट करायची, हे आधीच बोलून झालेलं असे. मोजणं म्हणजे काय, ते मी तिथे शिकलो: माप देणाऱ्यालाही दिसलं पाहिजे आणि घेणाऱ्यालाही.

आज कामोठ्यात जिथे सेक्टर आहेत, तिथे तेव्हा खाडीकाठची भातशेती होती. पुढे मी वीज मंडळात मीटर रीडर झालो आणि पनवेल तालुक्यात दारोदार आकडे टिपत फिरलो. कचेरीत ज्याला 'मीटरिंग' म्हणत, ते आईचंच काम होतं. मोजून द्यायचं आणि मोजलं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे. शब्दही नात्यातलाच आहे. ग्रीक 'मेत्रॉन' आणि आपला संस्कृत 'मा' धातू एकाच मुळाचे. माप, मात्रा, प्रमाण ही सगळी त्याच घरातली मंडळी.

जुन्या मीटरमध्ये काचेआड अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची. ही युक्ती हंगेरीच्या ओत्तो ब्लाथींची, १८८९ ची. चकतीचे किती फेरे म्हणजे एक युनिट, ते मीटरच्या तोंडावरच छापलेलं असे. बिलाबद्दल शंका असली की मी घरातल्या बाईला म्हणायचो, "ताई, सगळी बटणं बंद करा आणि इथे या." आम्ही दोघं चकतीच्या कडेची काळी खूण बघत उभे राहायचो. चकती थांबली की तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. आता चकती गेली, लाल दिवा लुकलुकतो. माझ्या घरच्या मीटरवर ३२०० हा आकडा आहे, म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. पण त्या दिव्यासमोर उभं राहून मोजणारं माणूस मला क्वचितच दिसतं.

रिक्षाचं मीटर विजेच्या मीटरचंच भावंड. 'टॅक्सी' हा शब्द तर 'टॅक्सीमीटर'चाच तुकडा. मुंबईत पूर्वी मीटरचा पत्रा खाली फिरवला की भाडं सुरू व्हायचं, म्हणून 'मीटर डाऊन'. २०१२ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक मीटर आली, तरी मीटर 'पाडायचं'च राहिलं. सावकाराच्या व्याजाचंही मीटर 'चालू' असतं. मानसरोवर स्टेशनाहून कामोठ्यात येताना मात्र आपण शेअर रिक्षात सीटवर बसतो. तिथे अंतर मोजायला काही नाही, ठरलेला दर हाच शब्द.

आमच्या गावाचं सर्वांत मोठं मोजमाप मात्र धान्याचं नव्हतं, विजेचंही नव्हतं. १९७० मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन संपादनात आली. त्यात कामोठं होतं. ज्या शेतात आई 'लाभ' म्हणायची, त्याचं क्षेत्र कागदावर आलं आणि भाव घेणाऱ्याने ठरवला. त्या मापाच्या काठावर आमची नजर नव्हती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या जमिनींसाठी झालेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्यांना परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आजही इथे 'साडेबारा टक्के' म्हटलं की आकडा नव्हे, प्लॉट समजतात. पाच माणसांच्या जिवावर मिळालेलं माप आहे ते, नव्या रहिवाशांनी हे माहीत करून घ्यावं.

आमच्या सोसायटीत पाण्याला एकच मीटर आहे. बिल सगळ्या घरांत सारखं वाटलं जातं, मग दोन माणसं राहोत की सात. वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजींना हे पटत नाही आणि मलाही पटत नाही. प्रत्येक घराला वेगळं मीटर बसवा, असं मी सभेत तीनदा मांडलं. खर्च पुढे आला आणि विषय मागे पडला. मी चौथ्यांदा मांडणार आहे.

तुमच्या घरचं विजेचं मीटर जिन्याखाली असेल, तर या एक तारखेला खाली जाऊन आकडा वहीत लिहा. पुढच्या एक तारखेला पुन्हा लिहा, वजाबाकी करा आणि बिल शेजारी ठेवून बघा.