खुर्चीमागची बाई

माझी मावशी १९९६ ते २०१९ अशी २३ वर्षं मुलुंडमधल्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. सोडताना तिने अनुभवाचा दाखला मागितला. "दाखला कसला? तू तर घरातलीच," असं उत्तर आलं. त्या रात्री तिने मला विचारलं, "मग मी तिथे नक्की कोण होते रे?"

तिचा दिवस सांगतो. दवाखाना सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९. ती डोंबिवलीची. दुपारी घरी जाऊन परत येणं परवडायचं नाही, म्हणून ते चार तास बाकावर काढायचे. पगार सात तासांचा, दिवस अकरा तासांचा. फोन, केसपेपर, अवजारं निर्जंतुक करणं, तोंडात सक्शन धरणं, मापासाठी पावडर कालवणं. सुरुवातीच्या वर्षांत तर दातात भरायच्या चांदीसाठी पारा आणि भुकटी खलात घोटून जास्तीचा पारा कापडातून पिळायचा. वाफ नाकात जायची, पण तेव्हा तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हे काम जुनं आहे. १८८५मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या एडमंड केल्स या दंतवैद्याने मालव्हिना क्वेरिया हिला मदतीला ठेवलं. खुर्चीजवळ बाई आहे म्हटल्यावर स्त्रिया सोबतीशिवाय दवाखान्यात येऊ लागल्या. म्हणजे धंदा वाढला तोही तिच्या असण्यामुळे.

आपल्याकडे १९४८चा दंतवैद्यक कायदा आला. त्यात तीन माणसं होती: दंतवैद्य, दात साफ करणारा हायजिनिस्ट आणि कवळ्या बनवणारा मेकॅनिक. तिघांच्या नोंदणीची सोय होती. शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाची नव्हती.

मग निदान कामगार म्हणून? त्याच १९४८मध्ये मुंबई दुकाने व आस्थापना कायदा झाला. पण कामगारांच्या नोंदी न ठेवल्याबद्दल अहमदाबादच्या डॉ. सुर्तींवर खटला झाला, तेव्हा १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की डॉक्टरचा खासगी दवाखाना ही व्यापारी आस्थापना नव्हे, कारण तो डॉक्टरच्या वैयक्तिक कौशल्यावर चालतो. महाराष्ट्राने १९७७मध्ये दुरुस्ती करून डॉक्टर-वकिलांना व्याख्येत आणलं, तर तेही न्यायालयात गेले.

२०१७च्या नव्या कायद्यात दवाखान्याचा उल्लेख स्पष्ट आहे. मात्र कामाचे तास, रजा हे नियम तेव्हा १० किंवा अधिक कामगार असतील तिथेच होते. त्याखाली मालकाने फक्त धंद्याची माहिती कळवायची. घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत एखाद्या इमारतीच्या तळमजल्यावरचे दवाखाने आठवा. एक डॉक्टर, एक किंवा दोन मुली. दहा कुठून आणायच्या?

म्हणजे एका कायद्यात मावशीचं काम नव्हतं आणि दुसऱ्यात तिचा दवाखाना लहान पडला. 'घरातली' हा शब्द या फटीत नेमका बसतो. प्रेमाने म्हटलेला असला तरी त्याला रजा नसते, ग्रॅच्युइटी नसते.

मी तिला एक वही दिली आणि म्हटलं, "तू काय काय करायचीस ते लिही." पहिल्या संध्याकाळी ४१ कामं झाली. वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यातलं निम्मं डॉक्टरांनाही येत नव्हतं."

तो दाखला आम्ही घरीच टाइप केला. खाली सही मात्र अजून कोणाची नाही.