संधिवाताभ संधिशोथाच्या रक्तपरीक्षा

संधिवाताभ संधिशोथ हा प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध कार्य करू लागल्यामुळे उद्‌भवणारा दीर्घकालीन विकार होय. त्यात सांध्यांच्या आतील अस्तराला शोथ येतो आणि पुढे कूर्चा व अस्थी झिजतात. हातापायांचे लहान सांधे व मनगटे बहुधा दोन्ही बाजूंस सारखीच सुजतात. सकाळी उठल्यावर सांधे तासभर किंवा त्याहून अधिक काळ ताठर राहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. ‘माधवनिदान’ या ग्रंथात वर्णिलेला आमवात या विकाराशी पुष्कळसा मिळताजुळता आहे. लोकव्यवहारात मात्र सांध्यांच्या कोणत्याही दुखण्याला ‘वात’ म्हटले जाते. त्यामुळे या अनेक दुखण्यांतून हा एक विकार वेगळा ओळखता येईल, अशा खुणेचा शोध वैद्यकाला घ्यावा लागला. रक्तातील स्वप्रतिपिंडे दाखविणाऱ्या परीक्षा या शोधातूनच निघाल्या.

उगम : १९४० मध्ये नॉर्वेतील एरिक वालर यांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मेंढीच्या तांबड्या कोशिकांवर सशाच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे चढवून त्यांत संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णाचा रक्तरस मिसळला असता त्या कोशिकांचे समूहन होते, म्हणजे त्या एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या बनतात, असे त्यांना आढळले. १९४८ मध्ये अमेरिकेतील हॅरी रोझ, चार्ल्स रॅगन आदींनी स्वतंत्रपणे हेच दाखवून दिले. त्यावरून ही परीक्षा ‘वालर-रोझ परीक्षा’ या नावाने रूढ झाली. रक्तरसातील या द्रव्यास पुढे संधिवाताभ घटक असे नाव मिळाले. १९५७ च्या सुमारास हेन्री कुंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे स्वरूप उलगडले. शरीराच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारे ते एक मोठ्या रेणूचे प्रतिपिंड होते. मेंढीच्या कोशिकांशी त्याचा थेट संबंध नव्हता. त्यांच्यावर बसलेली प्रतिपिंडे हेच त्याचे लक्ष्य होते.

लॅटेक्स परीक्षा : मेंढीचे ताजे रक्त मिळविणे लहान प्रयोगशाळेला कठीण जाई. १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथील झाक सिंगर व चार्ल्स प्लॉट्झ यांनी कोशिकांऐवजी लॅटेक्सचे सूक्ष्म कण वापरले. काचपट्टीवर रक्तरसाचा व लॅटेक्सचा एकेक थेंब मिसळून पट्टी हलविली की, काही मिनिटांतच डोळ्यांना दिसतील असे कणांचे पुंजके तयार होतात. परीक्षा स्वस्त व सुटसुटीत झाल्यामुळे ती महानगरांतील रुग्णालयांतून तालुक्याच्या गावांतील प्रयोगशाळांपर्यंत पोहोचली. ‘आर. ए. फॅक्टर’ हे तिचे नाव रुग्णांच्याही तोंडी बसले.

या प्रसाराबरोबर तिच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. हा घटक सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांतच सापडतो. उलटपक्षी कुष्ठरोग, क्षयरोग, हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुजन्य शोथ, यकृतशोथ-सी यांसारख्या दीर्घकालीन संक्रामणांत, तसेच काही निरोगी व विशेषतः वृद्ध व्यक्तींतही तो आढळतो.

सिट्रुलीनयुक्त प्रथिने : अधिक नेमक्या खुणेचा शोध दुसऱ्या वाटेने लागला. १९६४ मध्ये नेदर्लंड्‌समधील नीनहाउस व मँडेमा यांना गालाच्या आतील कोशिकांमध्ये केंद्रकाभोवतीच्या कणांना चिकटणारी प्रतिपिंडे या रुग्णांत आढळली. १९७९ मध्ये उंदराच्या अन्ननलिकेतील केराटिनयुक्त थराशी संयोग पावणारी प्रतिपिंडे वर्णिली गेली. ही दोन्ही वस्तुतः एकाच कुळातील होती, हे १९९० नंतर उमगले. १९९८ मध्ये नेदर्लंड्‌समधील शेलेकेन्स, व्हान व्हेनरॉय आदींनी त्यांचे समान लक्ष्य निश्चित केले. प्रथिनातील आर्जिनीन या ॲमिनो अम्लाचे एंझाइमाद्वारे सिट्रुलीनमध्ये रूपांतर झाले म्हणजे ते लक्ष्य तयार होते. २००० मध्ये सिट्रुलीनयुक्त चक्रीय पेप्टाइडावर आधारलेली परीक्षा पुढे आली. ‘अँटी-सीसीपी’ या नावाने ती ओळखली जाते. ती जवळजवळ संधिवाताभ घटकाइतकेच रुग्ण ओळखते. पण इतर विकारांत ती खोटा होकार फार क्वचित देते. स्वीडन व नेदर्लंड्‌समध्ये रक्तदात्यांचे साठविलेले रक्तरस तपासले असता सांधे सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे ही प्रतिपिंडे रक्तात असू शकतात, असे दिसून आले. रोगवर्गीकरणाच्या १९८७ च्या निकषांत केवळ संधिवाताभ घटक होता. २०१० च्या निकषांत दोन्हींना स्थान मिळाले. तथापि सुजलेल्या सांध्यावाचून ते निकष लागूच होत नाहीत.

महाराष्ट्रातील ग्रामीण अनुभव : पुणे येथील अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी सुरू केली. तीत चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. स्नायू व सांध्यांची दुखणी गावात विपुल होती, पण संधिवाताभ संधिशोथ सुमारे अर्धा टक्का प्रौढांतच आढळला. दिल्लीनजीकच्या ग्रामीण भागातील पाहणीत (१९९३) हे प्रमाण ०·७५ टक्के होते.

या प्रमाणाचा अर्थ ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांच्या संदर्भात पाहता येईल. येथे वारली, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी या समाजांची वस्ती मोठी आहे. भाताच्या लावणीत दिवसचे दिवस वाकून काम करणाऱ्या स्त्रियांची कंबर, गुडघे व मनगटे दुखणे नित्याचेच असते. भिगवणचे प्रमाण उदाहरणादाखल येथे लावले, तर १०,००० प्रौढांत ५० खरे रुग्ण असतील. लॅटेक्स परीक्षा त्यांतील ७० टक्के, म्हणजे ३५ जण ओळखेल. उरलेल्या ९,९५० जणांपैकी केवळ ५ टक्क्यांत खोटा होकार आला, तरी ती संख्या सुमारे ४९७ होते. म्हणजे होकार आलेल्या सुमारे १५ व्यक्तींमागे एकच खरा रुग्ण असेल. याउलट बोटे व मनगटे सुजलेल्या अशा १०० व्यक्ती निवडल्या, की ज्यांतील निम्म्यांना हा विकार आहे, तर खोट्या होकाराचे प्रमाण १५ टक्के धरूनही होकार आलेल्या पाचांपैकी चौघे खरे रुग्ण ठरतात. परीक्षा तीच असते. ती कोणाची केली यावर तिचा अर्थ ठरतो.

हा भेद केवळ गणिती नव्हे. कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेतही हातांचे सांधे सुजतात आणि संधिवाताभ घटक सापडू शकतो. अशा वेळी त्वचेवरील बधिर चट्टा व जाड झालेली तंत्रिका न तपासता केवळ अहवालावर विसंबल्यास मूळ रोग उपचारावाचून वाढत राहतो. २००६ च्या साथीपासून परिचित झालेल्या चिकुनगुन्यातही सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. खोट्या होकारामुळे स्टेरॉइडे किंवा प्रतिरक्षा दडपणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधे विनाकारण सुरू झाल्यास सुप्त क्षयरोग उफाळण्याचा धोका असतो. दुसरीकडे, वरील ५० रुग्णांपैकी १५ जणांचा अहवाल नकारार्थी येईल. ‘रक्तात काही नाही’ म्हणून त्यांना परत पाठविले, तर उपचारास सर्वांत अनुकूल असा आरंभीचा काळ निसटतो. कारण सांध्यांची कायमची हानी पुष्कळदा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते.

म्हणून सुजलेला सांधा हाताने तपासणे, सकाळच्या ताठरपणाचा कालावधी विचारणे व त्वचा पाहणे या गोष्टी रक्तपरीक्षेच्या आधी येतात. वालर यांच्या काळापासून परीक्षा अधिकाधिक नेमक्या होत गेल्या असल्या, तरी हा क्रम बदललेला नाही.