एकट्या उतारूचा हिशेब

परदेशात एकट्या जिवाला दिवसाकाठी किती खर्च येतो, याचा एक जुना आकडा रेवदंड्याच्या बंदरात उतरलेल्या माणसाने लिहून ठेवला आहे. आकडा आहे अडीच अल्तिन, आणि लिहिणारा आहे रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन. आपण एकटेच, दारू पीत नाही, मधाचे पेयही घेत नाही, तरी रोजचे एवढे जातात, आणि हिंदुस्थानात असेच राहिलो तर गाठीचे सगळे संपेल, अशी त्याची तक्रार आहे. तो ज्याला चौल म्हणतो ते बंदर कुंडलिकेच्या मुखाशी होते, आणि त्याचा समुद्राकडचा भाग म्हणजे आजचे रेवदंडा. गावातल्या हायस्कूलच्या आवारात या शतकाच्या तोंडावर त्याच्या नावाचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. तो इथे १४६९ साली उतरला असे जुने अभ्यासक सांगत. नंतरच्या रशियन संशोधकांनी त्याच्या टिपणांतले सणवार ताडून पाहिले आणि हे साल १४७१ पर्यंत पुढे ओढले. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ओळखली जाणारी ही टिपणे आपल्याकडे बहुधा बहमनी राज्याचे वर्णन म्हणून वाचली जातात. त्यांच्यावरून १९५७ साली ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपटही निघाला. पण या टिपणांत एकट्याने परदेशी जाणाऱ्याचा जमाखर्च विखुरलेला आहे, आणि आजच्या एकट्या प्रवाशाने वाचावा असा तोच भाग आहे.

आज अलिबाग-रेवदंड्याकडचा एखादा तरुण सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ किंवा टोकियोचे डिस्नीलँड पाहायला एकटा निघतो, तेव्हा तो आधी विमानाचे स्वस्त तिकीट शोधतो. ते मिळाले की खर्चाचा मोठा भाग आटोक्यात आला असे त्याला वाटते. मग उद्यानाचे तिकीट, आणि राहण्याचे शेवटी बघू. निकितिनच्या नोंदी हा क्रम उलटा करायला लावतात. एकट्या माणसाला जहाजाच्या भाड्याने कधी बुडवले नाही. बुडवले ते मुक्कामाच्या दिवसांनी, आणि त्या मुक्कामात आपल्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसण्याने. भाडे एकदा ठरले की ठरले. मुक्काम मात्र ऋतू लांबवतो, आणि त्याची किंमत यजमान लावतो.

आधी भाड्याचेच पाहू. परतताना निकितिन दाभोळला जहाजात चढला आणि होर्मुझपर्यंत स्वतःपुरते दोन सोन्याची नाणी देण्याचा करार केला. नाणी कोणत्या टांकसाळीची हे तो सांगत नाही, तेव्हा त्यांचे आजच्या रुपयांत रूपांतर करणे हा पोरखेळ ठरेल. पण त्याच टिपणांत तुलनेला एक आकडा आहे. त्याने इथे आणलेला घोडा जुन्नरपर्यंत पोहोचेतो त्याला शंभर रुबलला पडला होता. मॉस्कोच्या त्या काळच्या हिशेबात रुबलचे दोनशे देंगा आणि अल्तिनचे सहा. म्हणजे रोजच्या अडीच अल्तिनांचे वर्षाला साधारण सत्तावीस रुबल होतात, आणि एका घोड्याच्या किमतीत हा माणूस साडेतीन वर्षांहून अधिक काळ जेवला असता. घोड्याचा खुराकही काही साधा नव्हता. इथे घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-लोण्यात शिजवलेली खिचडी चारतात, असे तो लिहितो. मालकापेक्षा घोड्याचे ताट बरे होते म्हणायचे. वर्षभर पोसून त्याने तो बिदरला विकला, तोवर त्याच्यावर अडुसष्ट नाणी खर्ची पडली होती. या सगळ्यापुढे समुद्रावरचे भाडे किरकोळ दिसते. शिवाय भाडे दिले म्हणजे इच्छित बंदर मिळतेच असेही नाही. दाभोळहून निघालेले जहाज महिनाभर किनारा न दिसता भरकटले आणि इथिओपियाला लागले. तिथल्या लोकांनी लुटू नये म्हणून त्यांना तांदूळ, मिरी आणि भाकरी द्यावी लागली. त्यात पाच दिवस गेले. मग बारा दिवसांनी मस्कत, नऊ दिवसांनी होर्मुझ, आणि तिथे आणखी वीस दिवस. भाडे दोन नाण्यांचेच राहिले, वाढले ते दिवस.

येतानाची गोष्टही तशीच. होर्मुझहून घोड्यांसकट जहाजात बसून मस्कत, गुजरात आणि खंबायतवरून चौलला यायला त्याला सहा आठवडे लागले. पुढे घाटाच्या पायथ्याच्या पालीपर्यंत आठ दिवस. आज हे अंतर गाडीने दोन-अडीच तासांत कापता येते, पण बोजा आणि घोडा घेऊन, जागोजागी थांबत जाणाऱ्या तांड्याचा वेग वेगळा असतो. पाली सोडून तो घाट चढला आणि जुन्नरला पोहोचला, आणि तिथे पावसाने त्याला अडवले. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. रशियन माणसाच्या हिशेबात हा हिवाळी मुक्काम. आपल्याकडे त्याला पावसाळा म्हणतात आणि शेतकरी त्यात पेरणी करतो, याचेही त्याला नवल वाटले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित अगदी जुने आहे. आषाढ लागला की गलबते वर ओढायची, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा, मग पुन्हा शिडे उभारायची. नैर्ऋत्य वारा सुरू व्हायच्या आत जो उतरला नाही तो अरबस्तानात अडकला, आणि उतरला तो इथे. परदेशी माणसाच्या मुक्कामाची लांबी त्याच्या इच्छेवर नव्हती, वाऱ्यावर होती. उद्यानांच्या तिकिटांत आज हेच दुसऱ्या रूपात दिसते. डिस्नीने २०१६ साली अमेरिकेतल्या आपल्या उद्यानांचे एक दिवसाचे तिकीट गर्दीच्या अंदाजाप्रमाणे वेगवेगळ्या दराने विकायला सुरुवात केली. म्हणजे ऋतू तिकिटावरच छापला गेला. शाळेच्या सुट्टीत जो जातो तो तिकीट आणि खोली दोन्हींना जास्त देतो, आणि त्या खोलीचे भाडे वाटून घ्यायला दुसरे कोणी नसेल तर सगळा भार एकट्यावर.

आता मुक्काम. हिंदुस्थानात परदेशी व्यापारी सरायांत उतरतात, तिथल्या बायका त्यांना रांधून घालतात, अंथरूण घालून देतात, असे निकितिन नोंदवतो. त्यापुढे त्या बायकांच्या चालीरीतींबद्दल त्याने जे लिहिले आहे ते ऐकीव आणि बेपर्वा आहे, त्यावर विश्वास ठेवायचे कारण नाही. पण पहिला भाग महत्त्वाचा. छप्पर आणि ताट, दोन्ही पैसे देऊन मिळत होती. कोकण-दख्खनच्या वाटेवर परका माणूस रस्त्यावर झोपत नव्हता. तरीही त्याच्या मुक्कामाला स्थैर्य नव्हते, कारण सराय खोली देते, संरक्षण देत नाही. जुन्नरचा अंमलदार असद खान याला कळले की हा मुसलमान नाही, रशियन आहे. त्याने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडा जाईलच, वर हजार नाणी तुझ्याकडूनच घेईन, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपण्याआधी खुरासानचा ख्वाजा मुहम्मद तिथे आला. निकितिनने त्याच्यापाशी गाऱ्हाणे मांडले, तो खानाकडे गेला, आणि घोडा परत मिळाला. इथे हिशेब स्वच्छ दिसतो. दोन नाण्यांचे भाडे, शंभर रुबलचा घोडा, आणि या दोन्हींपेक्षा मोलाचा एका ओळखीच्या माणसाचा शब्द, ज्याला दर नव्हता. जकातीतही तेच. होर्मुझला प्रत्येक मालावर दशांश घेत. हिंदुस्थानातून माल नेताना काही जणांना जकात पडत नाही, पण आम्हाला ती चुकवू देत नाहीत, अशी त्याची कुरकुर आहे. परका म्हणून पूर्ण दर, आपला म्हणून सूट. आज उद्यानांचे स्थानिकांसाठीचे सवलतीचे तिकीट पाहणाऱ्याला हे नवे वाटणार नाही.

यावर पहिली हरकत अशी की निकितिन व्यापारी होता, हौसेने फिरणारा नव्हता, त्याच्या खर्चाची तुलना आजच्या सहलीशी कशी करायची? हरकत खरी आहे, पण ती युक्तिवादाला उलट बळ देते. हौसेचा प्रवास परवडत नव्हता म्हणूनच प्रवासाचा खर्च व्यापारी मालावर घातला जाई. घोडा हेच त्याचे भांडवल आणि हाच त्याचा प्रवासखर्च. त्याचा सौदा जमला नाही. आपल्या देशात खपेल असा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त पण ते इकडच्यांसाठी, अशी त्याची निराशा झाली, आणि मुक्कामाचा खर्च पोटाला चिमटा काढून भागवावा लागला. दुसरी हरकत अधिक टोकदार आहे. वाटेत अस्त्रखानजवळ लुटला गेलेला, उपासतापासांचा हिशेब चुकल्याने हळहळणारा, परतताना स्मोलेन्स्कला पोहोचण्याआधीच मेलेला हा माणूस कडवटपणे लिहितो, त्याचा साक्षीदार म्हणून किती भरवसा धरावा? एकट्या त्याच्यावर नाहीच धरायचा. पण शंभरेक वर्षांनी त्याच बंदरातून गेलेल्या दुसऱ्या परदेशी माणसाची साक्ष हाताशी आहे.

राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी १५८३ च्या नोव्हेंबरमध्ये चौलला आला. पोर्तुगीजांचे एक गाव आणि मुसलमानांचे दुसरे, अशी दोन गावे त्याने पाहिली. पहिले गाव म्हणजे रेवदंड्याचा कोट. १५२१ साली निजामशाहाच्या परवानगीने त्याची उभारणी सुरू झाली, आणि आज त्यातला चर्चचा उंच मनोरा माडांच्या वर दिसतो. फिच एकटा नव्हता. न्यूबेरी, लीड्स आणि स्टोरी बरोबर होते. आणि मुख्य म्हणजे त्याला भाड्याची चिंता नव्हतीच, कारण होर्मुझला पोर्तुगीजांनी चौघांनाही पकडले होते आणि गोव्याच्या तुरुंगात नेण्यासाठी जहाजावर चढवले होते. फुकट उतारू तो हा. गोव्यात त्यांना बाहेर काढले ते जामिनाने, आणि त्यासाठी खटपट केली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने, म्हणजे पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनेच. चौघे असूनही परके ते परकेच राहिले. तेव्हा अडचण एकटेपणाची नसून ओळख नसण्याची आहे, हे फिचच्या उदाहरणावरून अधिक नेमके सांगता येते. एकट्याला ती आधी आणि जास्त जाणवते इतकेच.

याच कोटात ओळखीचे मोल कसे होते हे दगडांवरूनही वाचता येते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि ऑगस्टिनियन या चारही संघांचे मठ पोर्तुगीज रेवदंड्यात होते. एवढ्याशा वस्तीत चार मठ म्हणजे धर्मोपदेश तर खराच, पण समुद्रावरून येणाऱ्या आपल्या माणसासाठी चार दारेही. कोटाबाहेर चौलात मशिदी आणि हमामखाना होता, रामेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी होती, आणि याच परिसरात बेने इस्राएल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांचे सिनेगॉग आजही रेवदंड्यात आहे. एवढ्या जातीधर्मांचे बंदर कशावर चालले? बंदरात उतरल्यावर आपल्या माणसाचे घर, देऊळ, मठ किंवा मशीद सापडते या खात्रीवर. निकितिनची पंचाईत हीच, की त्याच्या धर्माचे इथे कोणी नव्हते. तो इथला एकमेव असा उतारू होता असे नाही, पण ज्याच्या मागे जमात उभी होती तो सरायीत उतरला तरी तिचा आधार त्याच्या खर्चातून वजा होई.

आता हे सगळे संपले, असे म्हणता येईल. आज खोली पडद्यावर दिसते, आधी राहून गेलेल्यांचे शेरे वाचता येतात, हॉस्टेलांत एक खाट घेता येते, असद खान कुठे भेटत नाही. यातले बरेच खरे आहे, आणि एकट्याने परदेशी जाणे पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झाले आहे हेही खरे. पण शब्द टाकणाऱ्याची गरज नाहीशी झालेली नाही, ती फक्त व्हिसाच्या कचेरीत सरकली आहे. अनेक देशांच्या व्हिसासाठी बँकेचे उतारे, राहण्याच्या जागेचे आरक्षण, नोकरीचे पत्र किंवा बोलावणाऱ्याची हमी मागतात. तरुण, एकटा आणि बेताच्या कमाईचा अर्जदार असला की कागद जास्त तपासले जातात. खोलीचा दरही खोलीवर असतो, डोक्यावर नसतो. मराठी प्रवाशांनी यावर आपला उपाय केव्हाच काढला आहे. केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपन्यांच्या सहलींत, विशेषतः फक्त बायकांसाठीच्या सहलींत, एकटीने नाव नोंदवायचे आणि खोली अनोळखी सहप्रवासिनीबरोबर वाटून घ्यायची. स्वतंत्र खोली हवी असेल तर जादा पैसे मोजायचे. ज्यांना ही शिस्त नको वाटते ते हिला कळपाचा प्रवास म्हणून हसतात. पण त्या रकमेत ख्वाजा मुहम्मदाची जागाही भाड्याने मिळते: पासपोर्ट हरवला तर धावपळ करणारा, रात्री दोन वाजता हॉटेलच्या काउंटरवर भांडणारा कोणीतरी. हे नको असेल आणि एकट्यानेच जायचे असेल, तर आधी ठरवायचे ते किती रात्री आणि कोणत्या महिन्यात. मग खोली, मग उद्यानाचे तिकीट, आणि विमानाचे भाडे सर्वांत शेवटी.